लाख, मुलतानी माती आणि एरंडेल

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक सगळ्यांच्या परिचयाचा आहे. पाणी चढलं की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. मोटारीच्या कार्बुरेटरमध्येही असाच एक तरंगता गोळा असतो. मेकॅनिक त्याला फ्लोट म्हणतात. पेट्रोल पुरेसं जमलं की वर यायचं आणि पेट्रोलची वाट बंद करायची, एवढंच त्याचं काम. १९१०-२०च्या सुमाराच्या बऱ्याच गाड्यांत हा फ्लोट बुचाचा असे. बाटलीला लावतात तेच बूच. त्यानं पेट्रोल पिऊ नये म्हणून वरून लाखेचा हात दिलेला असे.

माझ्या एका मित्रानं अशी एक गाडी भंगारातून उचलून, दीड वर्ष खपून उभी केली. इंजिनानं पहिला हुंकार दिला त्या दिवशी पेढे वाटले. पंधरवड्यानं कार्बुरेटर गळायला लागला. खाली तापलेला एक्झॉस्ट आणि वरून ठिबकणारं पेट्रोल, म्हणजे गंमत नव्हे. सुई बदलली, वॉशर बदलले, पाइप बदलला. गळती चालूच. अखेर फ्लोट काढून पाहिला, तर तो तरंगायचं विसरून तळाला बसलेला. अंगावर लाखेचा मागमूस नाही आणि बूच पेट्रोल पिऊन जड झालेलं. शेजारी फर्निचरला पॉलिश करणारे एक सुतारकाका होते. त्यांनी ते बूच हातात घेतलं आणि म्हणाले, "लाख आम्ही स्पिरिटमध्येच विरघळवतो की! तुमच्या पेट्रोलात स्पिरिट असणार."

होतंच. इथेनॉल म्हणजे दुसरं काय? उसापासून आणि धान्यापासून काढलेलं हे इथेनॉल आपल्या देशातल्या पेट्रोलात २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचलं. म्हणजे पळस आणि कुसुमाच्या झाडांवरची लाख कधी काळी आपल्या देशातून बोटीनं परदेशी जायची, तीच मोटारीच्या पोटात बसून परत आली आणि आपल्याच उसानं तिला विरघळवून टाकलं! मित्रानं नवं बूच कोरलं, त्याला स्पिरिटला दाद न देणारा लेप दिला आणि तो विषय संपवला.

जुन्या गाड्यांच्या नादात पंचवीसएक वर्षं घालवल्यावर माझं एक मत झालं आहे. वयामुळे होणारे बिघाड सोपे असतात. गंज दिसतो, झीज मोजता येते. चमत्कारिक बिघाड होतात ते गाडी चांगली शाबूत असताना. ज्या जगासाठी ती बनली होती ते जगच तिच्याभोवतीनं निघून गेलेलं असतं. तेव्हाचं इंधन गेलं, तेव्हाचे रस्ते गेले, तेव्हाच्या माणसांच्या हातापायांच्या सवयीही गेल्या. बिघाडाचा माग काढत गेलं की या सगळ्याचा पत्ता लागतो.

आता क्लच घ्या. पहिल्या महायुद्धाआधीच्या अनेक गाड्यांमध्ये क्लच शंकूच्या आकाराचा असे आणि त्याला चामडं लावलेलं असे. चामडं कोरडं पडलं की गाडी हिसका देऊन उडी मारायची. तेलकट झालं की इंजिन नुसतंच गरगरायचं, गाडी जागची हलत नसे. यावरचे उपाय तेव्हा छापील पुस्तिकांत दिलेले असत. कोरडं पडलं तर एरंडेल चोळा, घसरलं तर मुलतानी माती भुरभुरवा! ही माती इंग्रज मंडळी लोकरीचं तेल काढायला वापरत, म्हणून ती त्यांच्या घरात असायची. आपल्याकडे ती चेहऱ्याला लावतात. आज अशा गाडीचा क्लच घसरला तर स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन उपयोग नाही, किराणा दुकानात जावं लागतं.

चामडं मोटारीत आलं तेही असंच, घरगुती वाटेनं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ या बाई आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्यानं बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. वाटेत इंधन घेतलं ते औषधांच्या दुकानातून. लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा त्यांनी एका मोच्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. पहिल्या लांबच्या मोटारप्रवासाची दुरुस्ती ही अशी झाली.

पण सगळेच प्रकार असे गमतीचे नाहीत. गाडी हॅण्डल मारून सुरू करताना ठिणगी वेळेआधी पडली, तर इंजिन उलटा झटका देतं आणि हॅण्डल हातावर येतं. मनगटाजवळचं हाड मोडतं. हे इतक्या ड्रायव्हरांचं मोडलं, की त्या फ्रॅक्चरला डॉक्टर मंडळी आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत स्टिअरिंगखाली दोन दांड्या असत, एक ठिणगीची आणि एक पेट्रोलची. हॅण्डल मारण्याआधी ठिणगीची दांडी मागे घ्यायची, अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवायचा, डावा हात वापरायचा आणि हॅण्डल खाली न दाबता वर ओढायचं. आपल्याकडे अॅम्बॅसिडरला हॅण्डल मारणाऱ्या पिढीला यातलं निम्मं ठाऊक होतं. आज जुनी गाडी विकत घेणाऱ्याला ते कुणी सांगत नाही. गाडीबरोबर कागदपत्रं येतात, हा अंगठा कुठे ठेवायचा ते येत नाही.

मॉडेल टीचं आणखी एक होतं. तिचा क्लच तेलात बुडालेला असे. थंडीत ते तेल इतकं घट्ट व्हायचं, की क्लच सुटायचाच नाही. म्हणजे मालक समोर उभा राहून हॅण्डल मारतोय, इंजिन सुरू होतं आणि गाडी हळूच त्याच्या अंगावर चालून येते. म्हणून शहाणी माणसं आधी मागचं एक चाक जॅकवर उचलत. चढावरचा प्रकार तर वेगळाच. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली आणि पंप नाही. पेट्रोल आपलं उतारानं इंजिनाकडे जायचं. टाकीत पेट्रोल कमी असेल आणि चढ तीव्र असेल, तर इंजिन उपाशी पडे. उपाय? गाडी वळवायची आणि रिव्हर्समध्ये चढ चढायचा. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या वर मॉडेल टी बनल्या. तेव्हाच्या गावकऱ्यांना चढावर पाठमोरी जाणारी मोटार पाहून आश्चर्य वाटत नसणार.

हॅण्डलची कटकट संपवली ती चार्ल्स केटरिंग यांनी. त्यांचा विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला. याच केटरिंग यांच्या हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये घालायचं शिशाचं संयुग शोधलं. १९२३ पासून ते विकायला लागले. त्यानं इंजिनाची खडखड थांबली आणि जगभरच्या हवेत शिसं पसरलं. केटरिंग यांच्याच नावावर मनगटं वाचवल्याचं पुण्य आहे आणि कित्येक पिढ्यांच्या रक्तात विष कालवल्याचं पापही. आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेरहित पेट्रोल आलं. शेवटचा देश अल्जीरिया, तिथे हे पेट्रोल २०२१ मध्ये थांबलं.

आता यातली जुन्या गाड्यांची गोष्ट अशी, की शिशाचा एक पातळ थर व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसायचा आणि मऊ बिडाच्या त्या बैठकीला सांभाळायचा. शिसं गेलं, तसा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ठोके देत देत बिडात रुतायला लागला. गाडीची ओढ कमी होते, कारण कळत नाही, आणि एक दिवस व्हॉल्व्ह जळतो. गंमत म्हणजे शिसं येण्याआधीच्या, पणजोबांच्या वयाच्या संथ गाड्यांना याचा फारसा त्रास नाही. तो होतो नंतरच्या काका-मामांच्या वयाच्या गाड्यांना. त्यांच्या इंजिनात कडक पोलादाच्या नव्या बैठका ठोकाव्या लागतात. पण शिसं गेलं याबद्दल हळहळणारे शौकीन भेटले, की मी विषय बदलतो. गाडीच्या व्हॉल्व्हपेक्षा मुलांचे मेंदू महत्त्वाचे आहेत.

आपल्या मराठी माणसाला जास्त ओळखीचा बिघाड म्हणजे घाटातला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट खंडाळ्याचा घाट चढतेय, मे महिना आहे, मागे सामान आणि पोरंबाळं. शिंग्रोबाला नाणं टाकून झालेलं असतं, तरी गाडी आचके देत थांबते. तापलेल्या इंजिनालगतच्या पंपात पेट्रोलची वाफ झालेली असते आणि तो पंप वाफ ओढू शकत नाही. मग बॉनेट उघडायचं, ओलं फडकं पंपावर टाकायचं आणि वीस मिनिटं गप्पा मारायच्या. हे फडकं गाडीत टूलकिटसारखंच कायम असे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आणखी लवकर वाफाळतं, त्यामुळे फडक्याला पुन्हा दिवस आले आहेत. फक्त आता घाटात थांबायला जागा आणि मागच्याला धीर, दोन्ही राहिलेलं नाही.

१९५० च्या दशकातली 'डुक्कर फियाट' काहींना आठवत असेल. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडत, बिजागरी मागच्या बाजूला. तीस-चाळीसच्या वेगात त्यात वावगं काही नव्हतं. पण कुलूप झिजलेलं असेल आणि आजच्या वेगात दरवाजा जरासा सुटला, तर वारा तो बंद करत नाही, फाडून मागे नेतो. या गाड्यांच्या मालकांना मी एकच सांगतो, कुलपावर खर्च करा, रंगावर नंतर.

सर्वांत विचित्र अडचण मात्र हल्लीची आहे आणि ती कागदावरची आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २० हजार रुपये लागतात. या गाड्यांना मान्यता मिळाली हे चांगलंच झालं. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. आणि जुन्या गाडीला उभं राहण्याइतकं बाधणारं दुसरं काही नाही. एक पावसाळा नुसती उभी राहिली, तर क्लचची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, ब्रेकचे रबर आखडतात, उंदीर कापडी वायरी कुरतडून त्यांचं घर करतात.

मुंबईत याच्या उलट घडलं. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी दिवसाचे कित्येक तास धावत होत्या, म्हणून टिकल्या होत्या. त्यांतल्या शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात एकही काळी-पिवळी पद्मिनी उरली नाही. गाड्यांबरोबर त्यांचे मेकॅनिकही पांगले. फीलर गेज हाताशी नसताना व्हिजिटिंग कार्डाची कड घालून डिस्ट्रिब्युटरचा पॉइंट लावणारे एक जण मला ओळखीचे आहेत. परवा भेटले तेव्हा ते बॅटरीवरच्या रिक्षांची कामं करत होते. पण शर्टाच्या खिशात कार्ड होतं.