मूळ कोण, प्रत कोण?

धावत्या आज्ञावलीला संगणकशास्त्रात 'प्रक्रिया' म्हणतात. एका प्रक्रियेच्या पोटी दुसरी जन्मास यावी, ही आज नित्याची गोष्ट झाली आहे. परंतु त्या दोघींना एकमेकींपासून वेगळे कसे ओळखावे, या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

कामाचा ओघ एका ठिकाणी दुभंगावा आणि पुढे पुन्हा एकत्र यावा, हा विचार मेल्विन कॉनवे यांनी १९६३ साली मांडला. दुभंगण्याच्या क्रियेस 'फोर्क', म्हणजे फाटा, हे नाव मिळाले. बर्कली येथील संशोधकांनी ही कल्पना आपल्या यंत्रणेत उतरविली. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्सच्या उभारणीस प्रारंभ झाला, तेव्हा केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीही तिचा स्वीकार केला. पीडीपी-७ या यंत्रावर ही आज्ञा अवघ्या २७ ओळींत बसली, असे रिची यांनी नमूद करून ठेवले आहे.

फोर्कची रीत मात्र चमत्कारिक. आज्ञा एकाने द्यावयाची आणि उत्तर दोघांना मिळावयाचे! नवी प्रक्रिया ही मूळ प्रक्रियेची हुबेहूब प्रत असते. स्मृती तीच, पुढील पायरीही तीच. भेद कळतो तो उत्तरावरून. जनकाच्या हाती अपत्याचा क्रमांक पडतो, अपत्याच्या हाती शून्य. जनकाला अपत्ये अनेक असू शकतात, म्हणून त्याला प्रत्येकाचा क्रमांक हवा. अपत्याला जनक एकच, आणि त्याचा क्रमांक केव्हाही विचारून घेता येतो.

लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेली पर्ल ही स्क्रिप्ट-भाषा हाच वारसा चालविते. तेथे तिसरे उत्तरही संभवते. अपत्य जन्मालाच आले नाही, तर जनकाला मिळते ते रिक्त मूल्य, म्हणजे काहीच नाही. आणि आकड्यांची तुलना करताना पर्ल हे 'काहीच नाही' शून्यासमान मानते! केवळ 'उत्तर शून्य आहे काय?' एवढेच विचारणाऱ्या आज्ञावलीत मग जनक स्वतःलाच अपत्य समजतो, अपत्याचे काम उरकून तेथेच संपतो, आणि त्याची स्वतःची कामे खोळंबतात. म्हणून जाणकार आधी उत्तर मिळाले काय हे पाहतात, आणि मगच ते शून्य आहे काय हे तपासतात.

जन्माप्रमाणे अंताचीही नोंद लागते. अपत्य संपले तरी जनकाने 'वेट' या आज्ञेने विचारपूस करीपर्यंत त्याचा क्रमांक कोष्टकात अडकून राहतो. अशा नोंदींनी कोष्टक भरले, की नव्या जन्मास जागा उरत नाही. क्रमांक देणे सोपे. त्याची अखेरपर्यंत दखल घेणे, हेच जनकाचे खरे कर्तव्य.