ट्रेंट पार्क : मालक आणि बिनमालक

इंग्लंडात जमीनदारांचे प्रशस्त बंगले पुष्कळ आहेत. परंतु लंडनच्या उत्तरेस असलेल्या ट्रेंट पार्क बंगल्याची हकीगत आपण मुद्दाम वाचावी अशी आहे, कारण तिचे एक टोक मुंबईला पोहोचते.

मूळची ही जागा राजाच्या शिकारीच्या रानातली. राजाचा भाऊ ट्रेंट या गावी आजारी असता डॉ. रिचर्ड जेब यांनी त्याला बरे केले. म्हणून तिसऱ्या जॉर्ज राजाने १७७७ साली ही जागा त्यांना दिली आणि तिला त्या गावाचेच नाव पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी ती बेव्हन या पेढीवाल्या घराण्याकडून सर एडवर्ड ससून यांच्याकडे आली. एडवर्ड १८५६ साली मुंबईत जन्मले. ससून डॉक बांधणारे अल्बर्ट ससून हे त्यांचे वडील.

हा पैसा कोठला, हेही सांगितले पाहिजे. चीनला जाणारी अफू, कापूस आणि मुंबईच्या गिरण्या यांतून तो आला. ससून गिरण्यांत आपल्या बेने इस्राएल समाजातील कित्येकांनी घाम गाळला आहे.

१९१२ साली एडवर्ड वारले व पुत्र फिलिप मालक झाले. ते पार्लमेंटचे सभासद होते आणि पुढे विमानखात्याचे उपमंत्री झाले. लंडनमधील पाडलेल्या डेव्हनशर हाऊसच्या विटा आणून त्यांनी बंगल्याला नवे रूप दिले. चर्चिल त्यांचे पाहुणे असत. जून १९३९ मध्ये फिलिप निवर्तले आणि तीनच महिन्यांत युद्ध पेटले.

सरकारने बंगला ताब्यात घेतला. १९४२ पासून तेथे कैदी जर्मन सेनापती ठेवले. खाणेपिणे उत्तम, पण खोल्याखोल्यांत मायक्रोफोन दडवलेले! ते संभाषण टिपून घेणारांत जर्मनी-ऑस्ट्रियातून जीव वाचवून आलेले अनेक यहुदी निर्वासित होते. मार्च १९४३ मध्ये दोन सेनापतींच्या बोलण्यातून रॉकेटांचा सुगावा लागला. ऑगस्टमध्ये पेनेम्युंडेवर बाँबहल्ला झाला, त्यामागच्या माहितीत हीही होती. यहुद्यांच्या कत्तलींच्या गोष्टीही याच कानांवर पडल्या. ज्यांचे आप्त मागे राहिले होते, त्यांना त्या निमूट लिहून घ्याव्या लागल्या आणि पुढे घरीदारी अवाक्षर काढता आले नाही. कागदपत्रे खुली झाली ती १९९० नंतर.

युद्धानंतर तेथे शिक्षकांचे कॉलेज व नंतर विद्यापीठ होते. २०१२ साली विद्यापीठाने जागा सोडली. बंगल्याच्या दस्तऐवजात जेब, बेव्हन, ससून ही नावे आहेत. गिरणीतल्या हातांचे आणि तळघरातल्या कानांचे नाव कोठेच नाही. लंडनला आप्तांकडे गेलात तर कॉकफॉस्टर्स स्टेशनापासून जवळच असलेली ही बाग अवश्य पाहा आणि मुलांना ही दुसरी नावनिशीही सांगा.