मूत्रमार्गातील दुर्मिळ अर्बुदे : ऊतकचिन्हांवरून निदान

मूत्राशय, मूत्रवाहिनी व लगतच्या मार्गातील बहुतेक कर्करोग आतल्या अस्तरातून, म्हणजे युरोथेलियममधून, उद्भवतात. काही अर्बुदांचे मूळ वेगळे असते, पण सूक्ष्मदर्शकाखाली ती नेहमीच्या कर्करोगासारखीच दिसू शकतात. उपचार मुळावर अवलंबून असल्याने त्यांतील फरक ओळखावा लागतो. त्यासाठी पेशींतील विशिष्ट प्रथिने, म्हणजेच ऊतकचिन्हे, तपासतात.

पद्धती : दुर्बिणीतून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. त्याच्या ३ ते ४ मायक्रॉन जाडीच्या कापांवर ठरावीक प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड सोडतात. प्रथिन असेल तेथे सहसा तपकिरी रंग उमटतो. केंद्रके निळी दिसतात. या तपासणीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (आयएचसी) म्हणतात. प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून प्रतिजन शोधण्याची कल्पना आल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये अमलात आणली. १९७५ मध्ये कोलर व मिल्स्टाइन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तेवढे बनवण्याची रीत शोधली आणि ही तपासणी पुढे नित्याची झाली.

नेफ्रोजेनिक ॲडेनोमा : ही सौम्य वाढ शस्त्रक्रिया, मूतखडा, जंतुसंसर्ग किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर आढळते. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांमध्ये तिच्या पेशी दात्याच्या मूत्रपिंडातून आलेल्या असतात, हे २००२ मध्ये लिंग-गुणसूत्रांच्या तपासणीतून दिसले. तिच्या बारीक नलिका प्रोस्टेटच्या कर्करोगाचा भास निर्माण करतात. दोन्हींत एएमएसीआर हे चिन्ह उमटू शकते आणि पी-६३ बहुधा नसते, म्हणून ही जोडी येथे फसवी ठरते. पॅक्स-८ असणे नेफ्रोजेनिक ॲडेनोमाकडे, तर एनकेएक्स ३.१ असणे प्रोस्टेटकडे बोट दाखवते. मात्र पॅक्स-८ क्लिअर सेल कर्करोगातही आढळते. तेथे केंद्रकांची विकृती, पेशीविभाजन व वाढलेले की-६७ पाहूनच निर्णय घ्यावा लागतो.

पॅरागँग्लिओमा : मूत्राशयाच्या अर्बुदांत याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. काही रुग्णांना लघवी करताना डोकेदुखी, धडधड व घाम येतो, रक्तदाब चढतो. पेशींचे गट स्नायूंत शिरलेले दिसल्याने खोल गेलेल्या युरोथेलियल कर्करोगाचा संशय येतो. युरोथेलियमचे मानले जाणारे गाटा-३ यातही बहुधा उमटते, त्यामुळे ही चूक पक्की होते आणि गरज नसताना मूत्राशय काढण्यापर्यंत पाळी येऊ शकते. क्रोमोग्रॅनिन व सिनॅप्टोफायसिन असणे, केराटिन नसणे आणि गटांच्या कडेच्या चपट्या पेशींत एस-१०० दिसणे हे पॅरागँग्लिओमाचे लक्षण होय. एसडीएचबी हे प्रथिन नाहीसे झालेले आढळल्यास आनुवंशिक दोषाचा विचार करून जनुकीय तपासणी सुचवतात.

मर्यादा : कोणतेही एक चिन्ह निर्णायक नसते. म्हणून परस्परांना तोलणाऱ्या चिन्हांचा संच वापरतात आणि त्याचा अर्थ नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन काचेवरील रचनेशी पडताळून लावतात. तुकडा पाठवताना शल्यविशारदाने तपासणीच्या अर्जावर आधीची शस्त्रक्रिया, मूतखडा, प्रत्यारोपण, रक्तदाबाच्या तक्रारी व पूर्वीचा कर्करोग यांची नोंद केलीच पाहिजे. या माहितीशिवाय योग्य चिन्हांची निवडही चुकू शकते.