भाजलेल्या मुलाचं ड्रेसिंग: गुंगीचं कोणतं औषध कशासाठी?

बीड जिल्ह्यातल्या नारायणगड परिसरात एखादं मूल उकळत्या पाण्याने जास्त भाजलं, तर बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय गाठावं लागतं. पुढे जखम भरेपर्यंत वारंवार ड्रेसिंग होतं. चिकटलेली पट्टी काढताना होणारी वेदना भयंकर असते. पहिल्या वेळी मूल घाबरलं, तर पुढच्या प्रत्येक ड्रेसिंगला ती भीती वाढते. म्हणून गुंगी देतात.

पण गुंगी येणं आणि वेदना थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषधांमधला मुख्य फरक इथेच आहे.

केटामाइन: गुंगी आणि वेदनाशमन दोन्ही देतं. श्वास सहसा सुरळीत राहतो. शीर सापडत नसेल तर स्नायूतही टोचता येतं. अमेरिकेत १९७० साली मान्यता मिळालेलं हे औषध आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहे. तोटे: लाळ, उलटी, शुद्धीवर येताना भास किंवा रडारड.

मिडाझोलाम: भीती कमी करतं, प्रसंगाची आठवणही पुसट होते. वेदना मात्र थांबवत नाही. काही मुलं उलट जास्त चिडतात.

डेक्समेडेटोमिडिन: नाकातूनही देता येतं, सुई लागत नाही. नैसर्गिक झोपेसारखी गुंगी येते; पण त्याला अर्धा तास किंवा जास्त लागू शकतो. वेदनाशमन मर्यादित, नाडी मंदावू शकते.

प्रोपोफोल: काही सेकंदांत झोप लागते, जागही लवकर येते. वेदनाशमन नाही, श्वास थांबू शकतो, रक्तदाब उतरू शकतो. म्हणून भूलतज्ज्ञ हवेतच.

मग सर्वांत चांगलं कोणतं?
एकच उत्तर नाही. जखम, वय, इतर आजार आणि रुग्णालयातली सोय पाहून डॉक्टर ठरवतात. अनेकदा दोन औषधं एकत्र देतात. अशा वेळी श्वास मंदावण्याचा धोका वाढतो.

पालकांनी काय करावं?
- सर्दी, दमा, घोरणं, हृदयविकार असेल तर आधी सांगा.
- उपाशी ठेवायला सांगितलं असेल, तर रडतंय म्हणून दूध-बिस्कीट देऊ नका. गुंगीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते.
- विचारा: वेदनेसाठी वेगळं औषध देणार का? बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावणार का? श्वासावर लक्ष कोण ठेवणार?
- मूल पूर्ण जागं होईपर्यंत घरी नेऊ नका.