दृष्टिहीन नायिका आणि पाहणारा प्रेक्षक

चित्रपट हे माध्यमच पाहण्याच्या क्रियेवर आधारलेले आहे. त्यामुळे दृष्टी गमावलेली स्त्री पडद्यावर येते, तेव्हा तिच्या व्यथेबरोबर एक सत्तासंबंधही प्रस्थापित होतो : तिला दिसत नाही आणि प्रेक्षक तिला निर्वेधपणे न्याहाळत असतो. या संबंधाची स्थित्यंतरे तीन चित्रपटांच्या आधारे तपासता येतात.

लॉइड डग्लस यांच्या १९२९मधील कादंबरीवरून डग्लस सर्क यांनी १९५४ मध्ये ‘मॅग्निफिसंट ऑब्सेशन’ हा चित्रपट केला. ज्या पुरुषाला टाळताना हेलनला अपघात होतो आणि तिची दृष्टी जाते, तोच पुरुष खोटे नाव धारण करून तिचे प्रेम संपादन करतो. पुढे शल्यविशारद होऊन तिला दृष्टीही परत मिळवून देतो. त्याची ओळख प्रेक्षकाला ठाऊक असते, हेलनला नसते. तिचे अंधत्व हे अशा रीतीने पुरुषाच्या प्रायश्चित्ताचे साधन ठरते. दृष्टी परत येणे हाच एकमेव सुखान्त मानल्यामुळे अंधत्वासह जगण्याचा प्रश्न संहितेला पडतच नाही.

फ्रेडरिक नॉट यांच्या १९६६च्या नाटकावरून टेरेन्स यंग यांनी १९६७ मध्ये केलेल्या ‘वेट अन्टिल डार्क’मध्ये हा प्रश्न प्रथमच कथानकाच्या केंद्रस्थानी येतो. अपघातात दृष्टी गमावलेली सूझी (ऑड्री हेपबर्न) स्वावलंबनाचे धडे गिरवीत आहे. घरात शिरलेल्या गुन्हेगारांचे कपट ती ध्वनींच्या आधारे ओळखते आणि घरातले दिवे फोडून त्यांनाही अंधारात ओढते. चित्रगृहांतही अखेरच्या प्रसंगी दिवे शक्य तितके मंद केले जात. प्रेक्षकाचा विशेषाधिकार येथे काही क्षणांपुरता हिरावला जातो. मात्र विस्मरणात गेलेला फ्रिजमधला दिवा घात करतो. शिवाय सूझीची योग्यता सिद्ध होण्यासाठी प्राणसंकट ओढवावे लागते. तिच्या दैनंदिन जगण्याला स्वतंत्र मूल्य लाभत नाही.

नॉर्वेजियन दिग्दर्शक एस्किल व्होग्ट यांच्या ‘ब्लाइंड’ (२०१४) या चित्रपटात निर्णायक वळण येते. प्रौढ वयात दृष्टी गेलेली इंग्रिड ऑस्लोमधील घरात स्वतःला कोंडून घेते आणि लिहू लागते. पडद्यावरील दृश्ये तिच्या लेखनातून घडत असल्याचे हळूहळू उमगते. एकच संभाषण चालू असताना स्थळ बदलते. पात्रांचे तपशील पालटतात. तिने कल्पिलेली स्त्रीही अंध होते. ज्या अस्थिरतेने प्रेक्षक गोंधळतो, ती निवेदिकेच्या स्मृतीची आणि संशयाची असते. नवरा गुपचूप घरी येऊन आपल्याला पाहत बसतो, ही तिची शंका म्हणजे प्रेक्षकाच्याच स्थानावर घेतलेला आक्षेप होय.

लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये रूढ चित्रपटातील पुरुषी नजरेची मीमांसा केली. त्या मीमांसेत स्त्री मुख्यतः दृश्यवस्तू ठरते. इंग्रिड दृश्यवस्तू असूनही दृश्यांची कर्ती आहे, ही बाब त्या मांडणीला पूरक आणि प्रश्नांकित करणारीही आहे. मात्र हे कर्तेपण निर्भेळ नाही. तिच्या एकान्ताचे, नग्नतेचे अवलोकन प्रेक्षक करतोच. तिची भूमिकाही डोळस अभिनेत्रीनेच वठवली आहे. हेलनपासून इंग्रिडपर्यंतच्या प्रवासात अंध स्त्रीला निवेदनाचा अधिकार मिळाला. पाहिले जाण्यास नकार देण्याचा अधिकार मात्र या माध्यमाने अद्याप तिच्या हाती दिलेला नाही.