घाट एक, पहारेकरी दोन : घरच्या संगणकावरील अँटिव्हायरसचा इतिहास

१/ मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची चढण सुरू होते. सातवाहनकाळात कल्याण बंदराचा माल याच वाटेने जुन्नरकडे जाई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण आजही जकातीचा रांजण म्हणून ओळखला जातो. आलेला तांडा अडवायचा, माल पाहायचा, मगच पुढे सोडायचे, ही जुनी रीत. संगणकातील अँटिव्हायरस याच रीतीने काम करतो. मग एकाच घाटावर दोन चौक्या बसवल्या, तर राखण दुप्पट होते का? #थ्रेड

२/ प्रथम शत्रूची ओळख. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस मानला जातो. त्याचे वाहन होते फ्लॉपी. एका यंत्रातून काढून दुसऱ्यात घातलेली चकती त्याला गावोगाव नेई. वेग कमी होता, पण प्रवास थांबत नव्हता.

३/ त्या डॉसच्या काळात बहुतेक अँटिव्हायरस सतत जागे नसत. फ्लॉपी घातली, आज्ञा दिली, तपासणी झाली, काम संपले. म्हणून एकाने तपासल्यावर दुसऱ्याने तपासणे हा शहाणपणाच होता. एकाच्या यादीत नसलेला व्हायरस दुसऱ्याच्या यादीत सापडे. ‘दोन असलेले बरे’ ही समजूत या काळातली आहे, आणि त्या काळापुरती ती खरीही होती.

४/ याच सुमारास पुण्यात एक मराठी अध्याय लिहिला जात होता. दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागलेले कैलास काटकर पुढे संगणक दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरसचा उपद्रव वारंवार दिसे. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उपाय म्हणून प्रोग्रॅम लिहिले. १९९५ साली त्यातून ‘क्विक हील’ बाजारात आले. २०१६ साली ही कंपनी शेअर बाजारात दाखल झाली.

५/ दरम्यान पहाऱ्याची पद्धत बदलत होती. १९९३ च्या एमएस-डॉस ६ सोबत मायक्रोसॉफ्टने अँटिव्हायरस दिला. त्यातील ‘व्हीसेफ’ हा भाग स्मृतीत कायम बसून पहारा करी. व्हायरस ओळखण्यासाठी अँटिव्हायरसजवळ त्यांच्या खुणांची यादी असते. ती यादी स्मृतीत उघडीच राहिली, की दुसरा अँटिव्हायरस तिलाच व्हायरस समजून आरडाओरडा करी. एका पहारेकऱ्याच्या हातातले गुन्हेगाराचे चित्र पाहून दुसऱ्याने त्यालाच पकडावे, तसा हा प्रकार.

६/ विंडोजच्या काळात हा कायमचा पहारा नेहमीचाच झाला. फाइल उघडताक्षणी अँटिव्हायरस तिला मध्येच अडवून तपासतो. दोन अँटिव्हायरस जागे असतील, तर एकच फाइल दोनदा अडते. एक जी फाइल बंदिस्त करू पाहतो, तिचीच झडती दुसरा घेत असतो. परिणामी यंत्र मंदावते, कधी गोठते, आणि कंटाळलेला मालक दोन्ही पहारे बंद करतो. सर्वात मोठा धोका या शेवटच्या पायरीत आहे.

७/ आता शहापूर-मुरबाडकडे. शहापूर तालुक्याला मुंबई-नाशिक महामार्ग आणि आसनगाव-कसाऱ्याची रेल्वे आहे. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणहून माळशेजकडे जाणारा रस्ता हाच आधार. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाने संगणक तालुक्याच्या गावांत नेला. इंटरनेट मात्र पाड्यांपर्यंत उशिरा पोहोचले. मधल्या काळात फाइल पेनड्राइव्हवरून फिरे. फोटो स्टुडिओ, टायपिंगचे दुकान, संगणक वर्ग आणि घर ही तिची मुक्कामाची ठिकाणे.

८/ ज्या वाटेने फाइल येते, त्याच वाटेने रोगही येतो. २००८ च्या अखेरीस पसरलेल्या ‘कॉन्फिकर’ने नेटवर्कमधील त्रुटीबरोबरच पेनड्राइव्ह आपोआप सुरू होण्याच्या सोयीचाही फायदा घेतला. नेटवर्कमधील ती त्रुटी बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००८ मध्येच दिली होती. जिथे अपडेट उतरवण्याइतके इंटरनेट नाही, तिथे ती दुरुस्ती असून नसल्यासारखी. शिवाय कॉन्फिकर अँटिव्हायरस कंपन्यांच्या संकेतस्थळांकडे जाणारी वाटही अडवी.

९/ म्हणजे ग्रामीण घरातला खरा प्रश्न ‘किती अँटिव्हायरस’ हा नव्हता. ‘शेवटचे अपडेट कधीचे’ हा होता. जुन्या याद्या घेऊन बसलेले दोन पहारेकरी नव्या चोराला ओळखत नाहीत, ताजी यादी असलेला एकटा ओळखू शकतो. निवडीची पहिली कसोटी इथे आहे : उपलब्ध इंटरनेटवर ज्याचे अपडेट नियमित उतरते आणि ज्याचे नूतनीकरण घराला दरवर्षी परवडते, तोच आपला अँटिव्हायरस.

१०/ पैशाची अडचण पुढे कमी झाली. २००९ साली मायक्रोसॉफ्टने ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ मोफत दिले. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ हा पूर्ण अँटिव्हायरस विंडोजमध्येच आला. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस बसवला, की तो आपला कायमचा पहारा थांबवतो. २०१६ पासून विंडोज १० मध्ये त्याला अधूनमधून तपासणी करण्यापुरते जागे ठेवता येते. पहारा एकाचा, फेरतपासणी दुसऱ्याची : जुन्या वादाचा हा तोडगा.

११/ त्याच वर्षी, १ डिसेंबर २०१६ रोजी, मुरबाड तालुक्यातील धसई राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. वडापावाचा व्यवहारही यंत्रावरून होऊ लागला, आणि यंत्राची सुरक्षा हा गावच्या बाजाराचा विषय बनला. संगणक बिघडला तर फाइल जाते, इतकीच भीती आता उरली नव्हती.

१२/ २०१७ ने नवे धडे दिले. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने जगभरच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरची विंडोजची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला आणि नाव्हाशेवाच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. शत्रू विश्वासू व्यापाऱ्याच्या वेशात आला, तर चौकी एक असो वा दोन, तो आत शिरू शकतो.

१३/ म्हणून घरच्या संगणकासाठी या इतिहासाचे सार असे. कायम जागा अँटिव्हायरस एकच. शंका आली तर दुसऱ्याकडून हाताने तपासणी करावी, पण तो सतत चालू नसावा. नवा बसवण्यापूर्वी जुना पूर्णपणे काढावा. विंडोजच्या दुरुस्त्या टाळू नयेत. आणि सातबारा, दाखले, फोटो यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी.

१४/ घाट राखणाऱ्यांनाही हे ठाऊक होते. वाटेवर चौकी बसवली, तरी धान्याचे कोठार किल्ल्यावरच ठेवायचे. चौकी पडली तर ती पुन्हा उभारता येते, कोठार गेले तर उभारणारेच उरत नाहीत.