आखाड्याच्या कडेला उभा असलेला माणूस : खाशाबा जाधव ते गणपतराव आंदळकर

१/ जुलै १९५२, हेलसिंकी. ऑलिंपिकच्या ५७ किलो वजनगटात सातारा जिल्ह्यातील खाशाबा जाधव जपानच्या शोहाची इशी यांच्याशी प्रदीर्घ झुंज देऊन मॅटवरून उतरले आणि लगेचच त्यांना पुढील कुस्तीसाठी पुकारण्यात आले. समोर सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव्ह होते.

२/ दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, असा नियम होता. परंतु तो पंचांपुढे मांडण्यासाठी एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा तसेच उतरले आणि पराभूत झाले. इशींना सुवर्ण, मामेदबेकोव्हना रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

३/ पदकाची कथा सर्वश्रुत आहे. मॅटच्या कडेची ती रिकामी जागा मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मल्ल एकटा लढतो, पण एकटा घडत नाही. त्याला घडविणाऱ्या माणसाला सातारा-सांगलीकडे ‘वस्ताद’ म्हणतात. हा धागा मल्लाचे वस्ताद झालेल्या गणपतराव आंदळकरांविषयी आहे.

४/ प्रथम थोडा भूगोल. खाशाबांचा जन्म १९२६ साली कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा. गणपतरावांचा जन्म १९३५ साली शिराळा भागातील पुनवतचा. आज पहिले गाव सातारा जिल्ह्यात आहे, तर दुसरे सांगली जिल्ह्यात. त्या काळी मात्र दोन्ही गावे एकाच सातारा जिल्ह्यात होती. १९४९ मध्ये त्याचे उत्तर व दक्षिण असे विभाजन झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले.

५/ कृष्णा-वारणेच्या या खोऱ्यात गावोगावी तालीम होती. पहाटेचे जोर-बैठका, तांबड्या मातीचा हौदा, यात्रेतील मैदान आणि इनामाची कुस्ती हा तरुणांच्या आयुष्याचा क्रमच होता. मोठे व्हायचे असेल तर वाट कोल्हापूरकडे जात असे. राजर्षी शाहू महाराजांनी तेथे तालमींना आश्रय दिला आणि खासबागचे भव्य मैदान उभारले. खाशाबा राजाराम महाविद्यालयात शिकण्यासाठी कोल्हापुरास गेले, तर गणपतरावांनी मोतीबाग तालीम गाठली.

६/ परंतु जागतिक कुस्ती मातीवर नव्हे, मॅटवर होत असे. मातीतल्या कुस्तीचा निकाल चितपटीने लागतो. मॅटवर वेळेची मर्यादा, वजनगट आणि पंचांचा कौल आला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबांना अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन लाभले आणि मॅटचा फारसा सराव नसतानाही ते सहावे आले. जाणता मार्गदर्शक मिळाला की काय घडू शकते, याचा तो पुरावा होता.

७/ १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैशांचीही चणचण होती. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन परतलेल्या खाशाबांची गावकऱ्यांनी शंभराहून अधिक बैलगाड्यांनिशी मिरवणूक काढली. म्हणजे प्रेम होते, त्याग होता. व्यवस्था तेवढी नव्हती.

८/ खाशाबा १९५५ मध्ये पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले आणि १९८४ मध्ये अपघाती मृत्यू आला. अर्जुन पुरस्कारही मरणोत्तरच मिळाला. भारतीय कुस्तीला पुढचे ऑलिंपिक पदक लाभले ते २००८ मध्ये, सुशील कुमार यांच्या रूपाने. मध्ये ५६ वर्षे गेली.

९/ आता गणपतराव. १९६० मध्ये पंजाबच्या खडकसिंगला नमवून ते ‘हिंदकेसरी’ झाले. मातीवरचा हा देशातील मोठा मान होता. त्यावर समाधान मानून मैदाने गाजवीत राहणे सहज शक्य होते. गणपतराव मात्र मॅटकडे वळले.

१०/ १९६२, जकार्ता आशियाई स्पर्धा. ९७ किलोंवरील गटात गणपतरावांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य जिंकले. सांगली जिल्ह्यातीलच कवठेपिरानचे मारुती माने ९७ किलो गटात होते. त्यांनी नेमके उलट केले : फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. त्या स्पर्धेत भारताने कुस्तीत तीन सुवर्णपदके मिळविली आणि त्यांपैकी दोन एकाच जिल्ह्यात आली.

११/ या ग्रीको-रोमन सुवर्णाचे मोल समजून घेण्यासारखे आहे. या प्रकारात कमरेखाली धरता येत नाही आणि पायांचा डावही चालत नाही. म्हणजे पट काढणे नाही, टांग मारणे नाही. मातीत वाढलेल्या मल्लाच्या भात्यातील अर्धे बाण येथे निरुपयोगी ठरतात. उरते ती छाती, खांदे, पकड आणि तोल. अंगवळणी पडलेले विसरून नवे शिकणे हे पुढे वस्तादाला लागणारे मोठे भांडवल ठरते.

१२/ याच जकार्ता स्पर्धेत भारतीय फुटबॉल संघाने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्ण पटकावले. त्या विजयासोबत प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. कुस्तीत मात्र विजेत्याचे नाव फलकावर लागते आणि वस्तादाचे नाव तालमीच्या भिंतींपलीकडे क्वचितच पोहोचते.

१३/ १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये गणपतराव दोन्ही प्रकारांत उतरले. पदक आले नाही. पुढे लंगोट उतरवल्यावर ते ज्या मोतीबाग तालमीत घडले, तिथेच वस्ताद म्हणून उभे राहिले आणि त्यांनी मल्लांच्या पिढ्या घडविल्या. वस्तादाचे काम पहाटे सुरू होते. कोणाला कोणती जोड द्यायची, कोणाचा खुराक वाढवायचा, कोणाला मैदानापासून महिनाभर दूर ठेवायचे, हे निर्णय त्याचे असतात. पराभवानंतर शिष्याजवळ बसायचे, तेही त्यानेच.

१४/ या कामाचे फळ पाहायचे तर दादू चौगुले यांच्याकडे पाहावे. गणपतरावांच्या या शिष्याने १९७० आणि १९७१ असे सलग दोनदा ‘महाराष्ट्र केसरी’ पद जिंकले. १९७४ च्या क्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळविले. हे पदक मॅटवरचे होते. मोतीबागेची माती आणि परदेशातील मॅट यांच्यामधला पूल वस्तादाच्या अनुभवातून बांधला गेला होता.

१५/ पुढे दादूंचे पुत्र विनोद चौगुले २००० साली ‘महाराष्ट्र केसरी’ झाले. वस्तादकी अशी चालते. ती कागदावर क्वचितच उतरते. एका देहाकडून दुसऱ्या देहाकडे जाते आणि मधली एक पिढी तुटली, तर साखळीच तुटते.

१६/ म्हणूनच खाशाबा आणि गणपतराव यांची चरित्रे एकत्र वाचावीत. पहिल्या चरित्रातून कळते की, कडेला कोणी उभे नसेल तर असामान्य मल्लालाही काय गमवावे लागते. दुसऱ्यातून कळते की, असामान्य मल्ल स्वतः कडेला उभा राहिला तर काय उभे राहते. पदकांची यादी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठी तालमीत जावे लागते.

१७/ १६ सप्टेंबर २०१८ रोजी गणपतरावांचे पुण्यात निधन झाले. त्यानंतर नऊ दिवसांनी, २५ सप्टेंबरला, राष्ट्रपती भवनात राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांचे वितरण झाले. आयुष्यभराच्या योगदानासाठी तेव्हा दिला जाणारा ध्यानचंद पुरस्कार स्वीकारणाऱ्यांत एक नाव होते दादू दत्तात्रय चौगुले.